अर्धी वीत दोरा

आमच्या कॉलेजातला पृथ्वीगोल दक्षिण अमेरिकेच्या बाजूनं चेपलेला आहे. कुणाच्या तरी हातून तो पडला होता म्हणतात. पण आफ्रिका आणि आपला देश शाबूत आहेत, त्यामुळे मला हवं ते अंतर मोजता आलं.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला भूगोलाच्या प्रात्यक्षिकात सरांनी प्रत्येकाला एकेक दोरा दिला होता. नकाशावर पट्टी ठेवून लांबचं अंतर मोजायचं नाही, कारण पृथ्वी सपाट नाही, असं ते म्हणाले. गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरायचा, तो जिथून जाईल तो सगळ्यांत जवळचा रस्ता. विमानं साधारण तशीच जातात. बाकीच्या मुलांनी दिल्ली ते लंडन मोजलं. मी मुंबई ते नैरोबी मोजलं, कारण नैरोबीच्या पुढं मोटारीनं आठ तासांवर माझी मोठी बहीण राहत होती. दोरा अर्धी वीत भरला. हिशेब केला तर साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास आलं. मोबाइलवर ताळा करून पाहिला. अंतर तेवढंच होतं, आणि खाली लिहिलं होतं की विमानानं साधारण सहा तास लागतात. त्याच्याही खाली बारीक अक्षरात बरंच काही होतं. मी अंतर आणि वेळ एवढंच वाचलं.

दोरा तेवढाच तोडून खिशात घातला आणि घरी आणला. सरांना विचारलं नाही.

आमचं गाव कळंबपासून आत आहे. वडील, म्हणजे आमचे आबा, मेंढरं राखतात. पाऊसकाळ संपला की कळप घेऊन निघतात आणि ऊस तुटायला लागला की ढोकीच्या शिवारात असतात. तुटलेल्या उसाच्या रानात रात्रीची मेंढरं बसवतात, शेतकऱ्याला खत होतं आणि मेंढरांना वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, खायला मिळतात. घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. त्यामुळं जे कुणाला कळत नाही ते मला कळतं असं सगळे धरून चालतात. बँकेचा कागद असो, दवाखान्याची चिठ्ठी असो, माझ्याच हातात देतात. आणि हे लिहायला जड जातं, पण मीही तसंच धरून चालायला लागलो होतो.

बहिणीला आम्ही आक्का म्हणतो. ती दहावीपर्यंत शिकली. तिचे मालक, म्हणजे आमचे दाजी, ढोकीच्या बाजूचे. साखर कारखान्यात पॅनवर काम शिकलेले. रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरायचा, हे काम अंदाजाचं आहे आणि ज्याला तो अंदाज येतो त्याला बाहेरच्या देशातही मागणी असते. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ते केनियातल्या एका कारखान्यावर गेले, आणि क्वार्टर मिळाल्यावर आक्काला घेऊन गेले.

"सगळीकडं ऊसच हाय," ती फोनवर म्हणायची. "खिडकी उघडली की ढोकीच वाटती. फक्त मेंढरं बसवत न्हाईत रानात."

तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं. आई जेवायला बसली की तिकडं आक्का स्वयंपाकाला लागलेली असायची.

तिला दिवस गेले तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरात, यात बोलण्यासारखं काही नव्हतंच. प्रश्न फक्त कधी आणायचं एवढा होता. आमच्यात सम महिन्यात पोटुशी बाई हलवत नाहीत. सहावा नको, आठवा तर नकोच. सातव्यात आणायची, नाहीतर नवव्यात. आणि आणायला मुराळी लागतो. माहेरचं माणूस गेल्याशिवाय लेक कशी यायची, असं आई म्हणायची. केनियाला जायला माझ्याकडे पासपोर्ट नव्हता, तेव्हा आईनं मुराळ्याची हद्द मुंबईच्या विमानतळापर्यंत आणली. तिकडून दाजी बसवून देणार, इकडून मी उतरवून घेणार.

सातवा महिना नेमका माझ्या परीक्षेत आला.

त्या दिवशी आबा पीठ न्यायला घरी आले होते. चहा पिताना म्हणाले, "सातव्यातच आणावं."

"ह्याची परीक्षा हाय," आई म्हणाली.

"किती दिस?"

"तीन आठवडे. मधल्या सुट्ट्या धरून," मी म्हणालो.

"मग तुमी जावा की आणायला," आई आबांना म्हणाली.

"म्या?" आबा हसले. "मुंबईत म्याच हारवंन. मग तुला दोघांना हुडकावं लागंल. आन् मेंढरं काय तू बघणार?"

मी खिशातून दोरा काढला. दोन्ही हातांत ताणून आईपुढं धरला. "आई, हे बघ. एवढंच हाय. ह्या टोकाला मुंबई, त्या टोकाला नैरोबी. सहा तास. कळंबहून पुण्याला जायला एवढाच वेळ जातो. वर खड्डे न्हाईत, हादरे न्हाईत, नुसतं बसून यायचं. नवव्यात आली तरी काय फरक पडत न्हाय."

आईनं दोरा हातात घेतला. तिला तो फार आवडला. तिनं एक टोक अंगठ्याला आणि दुसरं मधल्या बोटाला लावून पाहिलं.

"एवढंच व्हय," ती म्हणाली.

आबा दोऱ्याकडं बघत होते. "शेवटच्या म्हैन्यात गाभण मेंढरू…" त्यांनी सुरुवात केली.

"मेंढरांचं हितं नगा काढू," आई म्हणाली. "लेक हाय ती."

आबा हसले आणि पिठाच्या पिशवीचं तोंड बांधायला लागले. मीही हसलो होतो.

त्या संध्याकाळी मी आक्काला फोन करून सांगितलं की नवव्यात ये, मी सगळं बघितलंय.

"बघितलंयस ना नीट?"

"व्हय."

"आता कॉलेजवाल्याच्या पुढं कोण बोलणार," ती म्हणाली. आवाजावरून वाटलं, तिला लवकर यायचं होतं. मी विचारलं नाही. तिला कितवा आठवडा आहे, डॉक्टर काय म्हणतात, हेही कधी विचारलं नाही. बहिणीला असलं कसं विचारायचं हे मला कळत नव्हतं. तो हिशेब आईकडं होता, आणि आईचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

परीक्षा झाली. भूगोलाच्या पेपरात हवाई मार्गांवर एक प्रश्न होता. मी तो पूर्ण लिहिला.

आठवा महिना घरात तयारीत गेला. आईनं बाज काढून तिला नवं सुंभ घातलं. जुन्या मऊ लुगड्याची दुपटी शिवली, दोन कुंच्या शिवल्या, त्यातल्या एकीला लाल गोंडा लावला. आबांनी कोकरांच्या पहिल्या कातरणीची लोकर ओळखीच्या विणणाऱ्याला देऊन लहानसं घोंगडं करून घेतलं. एवढं लहान घोंगडं मी आधी पाहिलं नव्हतं. आईनं सगळं एका गाठोड्यात बांधलं आणि दोराही त्यातच ठेवला.

नववा लागायची तारीख आई सांगेल आणि मग तिकीट काढायचं, असं ठरलं होतं. त्या तारखेला आठवडा उरला असताना आई आणि मी कळंबच्या बाजारात डिंक आणि खारीक घ्यायला गेलो. दुकानदार डिंक तोलत होता तेव्हा दाजींचा फोन आला.

"पाव्हणं, घोळ झालाय," ते म्हणाले.

विमानात बसवायला डॉक्टरांची चिठ्ठी लागते म्हणून ते आक्काला घेऊन दवाखान्यात गेले होते. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली नाही. दाजी अडखळत सांगत होते, त्यांनाही माझ्याशी हे बोलायला अवघड जात होतं. तिथले डॉक्टर महिने मोजत नाहीत, आठवडे मोजतात, आणि शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. आईनं पाळी चुकल्यापासून महिने धरले होते. आमचा आठवा अजून संपायचा होता आणि डॉक्टरांच्या लेखी अडतिसावा आठवडा चालू होता.

"छत्तीसच्या पुढं घेतच न्हाईत विमानात," दाजी म्हणाले.

"दुसऱ्या कंपनीचं विमान बघा ना."

"सगळ्यांचं तेच हाय. म्या तिघांना विचारलं." मग ते म्हणाले, "तुमी बघितलं होतं ना?"

मी म्हणालो, "व्हय. म्हंजी… अंतर बघितलं होतं."

फोन ठेवल्यावर आईला सांगितलं. तिला वाटलं, एक गाडी चुकली तर दुसरी मिळेल. आमच्याकडं तसंच आहे. एसटी गेली तर वडाप येतं, वडाप भरलं तर दुधाचा टेम्पो थांबतो. कुणी ना कुणी घेतंच.

"मग दुसऱ्या गाडीनं यावं. सावकाश."

"मधी समुद्र हाय, आई."

"तू म्हणला व्हतास सहा तास."

"सहा तासच हाय."

"मग?"

दुकानदारानं पुड्या बांधून पुढं केल्या. आईनं त्या घेतल्या, पिशवीत नीट लावल्या आणि म्हणाली, "डिंक खराब होत न्हाय. राहील."

त्या दुपारी मी मोबाइलवरचं तेच पान पुन्हा उघडलं आणि बारीक अक्षरातलं वाचलं. सगळं तिथं होतं. अठ्ठावीस आठवड्यांनंतर चिठ्ठी, छत्तीसनंतर प्रवास नाही. वाचायला मिनिटही लागलं नाही. सातव्यात ती चिठ्ठीवर सहज आली असती.

पुढचे दिवस आई फोनवरूनच बाळंतपण करत होती. काय खायचं, कुशीवर कसं झोपायचं, कळ खरी कुठली आणि खोटी कुठली. आक्का तिकडून चेष्टा करायची. "आई, तू फोनमधनंच तेल लाव आता." शेजारच्या क्वार्टरमधली तिथलीच एक बाई तिच्या सोबतीला यायची. "तिला माझं कळत न्हाय, मला तिचं कळत न्हाय," आक्का म्हणाली, "पर पाठ लई चांगली चोळती." मला ती एकदाही रागावली नाही. मी फोन घेतला की म्हणायची, "भावड्या, अभ्यास कर." ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

दहाव्या दिवशी सकाळी मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. दाजींचा फोन आला म्हणून बाहेर व्हरांड्यात आलो.

"मुलगी झाली," ते म्हणाले. मग म्हणाले, "रडली न्हाय."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, कोण, आक्का का? ते म्हणाले, पोरगी. गळ्याला नाळ होती. आक्का बरी आहे. डॉक्टर म्हणाले, हे कुठंही झालं असतं. विमानात, कळंबला, कुठंही.

मी हे वाक्य आजवर किती वेळा स्वतःला म्हटलं असेल. डॉक्टर खरं बोलले असतील. पण कळंबला झालं असतं की नसतं हे कळायचा रस्ता आता नाही, आणि तो रस्ता मीच बंद केला होता.

घरी आलो तेव्हा आई अंगणात बाजेचं सैल झालेलं सुंभ ओढत होती. मी सांगितलं. तिनं फक्त विचारलं, "आक्का?"

"बरी हाय."

तिनं सुंभाचा पीळ सोडला नाही. तसाच धरून बसली. थोड्या वेळानं उठून बाज भिंतीला उभी केली आणि आत गेली. मला दोषाचा एक शब्द बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

आबांना फोनवर सांगणं मला जमलं नाही. एसटीनं ढोकीला गेलो, तिथून शिवारात चालत. आबा तुटलेल्या उसाच्या रानात बसले होते, मेंढरं वाढं खात होती. माझ्या तोंडाकडं बघून ते उठून उभे राहिले. मी सांगून झाल्यावर ते खाली बसले आणि हातातल्या काठीनं माती उकरत राहिले.

"शेवटच्या म्हैन्यात गाभण मेंढरू लांब चालवत न्हाईत," ते म्हणाले. "मला ठावं व्हतं. म्या त्या दिवशी बोलायला पायजे व्हतं."

"आबा, तुमची काय चूक? मी म्हणालो होतो."

"तुला काय ठावं. तू पोर हायस," ते म्हणाले. "म्या हसलो."

त्यांनी मला बोल लावला असता तर मी तो घेतला असता. त्यांनी तो स्वतःकडं घेतला आणि माझ्याकडं काहीच ठेवलं नाही.

दीड महिन्यानं आक्का आली. आता तिला कुठलीच चिठ्ठी लागली नाही. मी आदल्या दिवशी निघून मुंबई विमानतळावर पोचलो. दारासमोर लोखंडी कठडा होता, त्याला धरून उभा राहिलो. पाटीवर तिच्या विमानाची वेळ होती आणि विमान बरोबर त्याच वेळेला उतरलं. सहा तास. ती एक बॅग ओढत आली. खूप वाळली होती. मला बघून म्हणाली, "आलास व्हय मुराळी."

एसटीत ती खिडकीशी बसली. पुण्याच्या पुढं रस्ता खराब लागला, गाडी हादरायला लागली. मी ड्रायव्हरला सावकाश घ्या म्हणायला उठणार होतो, ती पोटुशी येणार म्हणून आठवा महिनाभर मनात त्याचीच तयारी केली होती. मग बसून राहिलो.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काय न्हाय."

बराच वेळ गेल्यावर ती आपणहून बोलली. "उसाच्या बांधाला ठेवलीय तिला. लाल माती हाय तिथली. तुझ्या दाजींनी दगड लावलाय." मी मान हलवली.

ती घरी पंधरा दिवस राहिली. आईनं डिंकाचे लाडू केले आणि रोज एक तिच्या ताटात ठेवला. बाज अंगणात भिंतीलाच उभी होती, आक्का खालीच झोपायची. गल्लीतल्या बायका येऊन बसायच्या, "देवाची मर्जी," म्हणायच्या आणि चहा पिऊन जायच्या.

एका दुपारी आक्का फडताळात काहीतरी हुडकत होती आणि तिच्या हाताला ते गाठोडं लागलं. आई आडवी आली, पण तिनं सोडलंच. दुपटी काढली, कुंच्या काढल्या. लाल गोंड्याची कुंची मुठीवर घालून पाहिली. घोंगडं उलगडलं आणि त्यातून दोरा खाली पडला.

"हे काय?"

आई माझ्याकडं बघायला लागली. मग म्हणाली, "तुझ्या गावचं अंतर हाय ते. ह्यानं मोजून आणलं व्हतं."

आक्कानं दोरा बोटाला गुंडाळला. दोन वेढे झाले आणि संपला. तिनं तो पुन्हा सोडवला, दोन्ही टोकं धरून ताणला, जसा मी ताणला होता तसाच. "एवढंच," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मग सगळं होतं तसं घडी करून आत ठेवलं, दोराही ठेवला, आणि गाठ मारली. फक्त घोंगडं बाहेर राहू दिलं.

"हे नेती म्या," ती म्हणाली.

जायच्या आदल्या दिवशी आबा ढोकीहून आले. त्यांनी घोंगडं तिच्या बॅगेत वरच ठेवलेलं पाहिलं आणि जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा त्याच्यावरून हात फिरवला. जेवताना आई म्हणाली, "पुढच्या टायमाला सातव्यातच आणू. कुणाची परीक्षा असू दे न्हाईतर काय असू दे."

आक्का भाकरी मोडत होती. "पुढच्या टायमाला म्या येणार न्हाय, आई. तिथंच व्हईल जे व्हायचं ते."

"असं कसं? माहेर…"

"लांब पडतंय," आक्का म्हणाली.

आबांनी पाणी मागितलं.

परत सोडायलाही मीच गेलो. सकाळचं विमान होतं. विमानतळाच्या दारात तिनं बॅग माझ्या हातातून घेतली. मला तिची माफी मागायची होती. सगळ्या प्रवासात मी वाक्य जुळवत होतो. ते तोंडाशी आलं तेव्हा ती म्हणाली, "तू नीघ आता. गाडी चुकंल तुझी."

"परत कधी येशील?"

"बघू," ती म्हणाली. आत जाताना तिनं वळून पाहिलं, पण तोवर मध्ये माणसं आली होती.

मी कुर्ल्याच्या स्टँडवर आलो, एसटी मिळाली, खिडकीशी जागाही मिळाली. दुपारी भिगवणला गाडी चहाला थांबली तेव्हा मोबाइल वाजला. आक्काचा मेसेज होता. 'उतरले.' तिच्या पुढं अजून आठ तासांची मोटार होती, पण समुद्र ओलांडून ती पलीकडं गेलीसुद्धा. मी अजून निम्म्या वाटेवर होतो.

लगेच आईचा फोन आला. "पोचली का रं ती?"

"व्हय. पोचली."

"आन् तू कुठं हायस?"

"भिगवणला."

कंडक्टर चला चला म्हणत होता, माणसं गाडीत चढायला लागली होती. मग आई म्हणाली, "बस सावकाश," आणि फोन ठेवून दिला.